बाटलीवर वेळ लिहिली आहे का?

(नागपुरातील एका ग्रंथालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषण, ध्वनिमुद्रणावरून लिहून काढलेले आणि थोडे संपादित)

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि मे महिन्याच्या या उकाड्यात कूलरच्या घरघरीवर मात करून ऐकायचे असा निश्चय करून आलेले श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘अणुआपत्ती आणि आपल्या प्रयोगशाळांची तयारी’ असा भारदस्त छापलेला आहे. माझ्या पत्नीने तो वाचला आणि म्हणाली, तीस वर्षे तुम्ही लोकांची लघवी तपासलीत, आता त्यावर भाषणही देणार का? तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. मी आयुष्यभर वैद्यकीय प्रयोगशाळेत काम केले आणि आज मी जे बोलणार आहे त्याचा बराचसा भाग लघवीच्या बाटलीभोवतीच फिरणार आहे. ज्यांना घरी जाऊन जेवायचे आहे त्यांची मी आधीच क्षमा मागतो.

सुरुवातीला एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण तो निस्तरला नाही तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. किरणोत्सर्ग म्हटले की आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुम्ही झाशी राणी चौकात उभे राहिलात तर तुम्हाला ऊन लागेल, कदाचित आजारीही पडाल. पण घरी आल्यावर ते ऊन तुमच्या अंगाला चिकटून येत नाही आणि तुमच्यामुळे घरातल्या कोणाला ऊन लागत नाही. ही झाली किरणांना सामोरे जाण्याची गोष्ट; एक्स-रे काढून आलेला माणूस असाच असतो. आता कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूला वाऱ्याच्या दिवशी उभे राहा. राख सदऱ्यावर बसेल, केसांत बसेल. ती झटकता येते, धुता येते. हे बाह्य दूषण, आणि नुसते कपडे उतरवले तरी त्यातले सुमारे नव्वद टक्के निघून जाते असे या क्षेत्रातले लोक मानतात. पण जी राख श्वासाबरोबर आत गेली किंवा न धुतलेल्या हाताने घासाबरोबर पोटात गेली, तिचे काय? ती दिसत नाही, झटकता येत नाही, आणि किती गेली हे त्या माणसालाही सांगता येत नाही. हे अंतर्गत दूषण. ते मोजणे हे प्रयोगशाळेचे काम आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते एवढ्यापुरतेच आहे.

हे आत गेलेले मोजायचे दोन रस्ते आहेत. काही किरणोत्सारी द्रव्ये गॅमा किरण बाहेर फेकतात आणि ते किरण शरीरातून आरपार येतात. सीझियम-१३७ आणि कोबाल्ट-६० ही त्यातली ठळक नावे. अशा वेळी माणसालाच यंत्रापुढे बसवून किंवा झोपवून मोजतात; त्या यंत्राला होल बॉडी काउंटर म्हणतात. आयोडीन-१३१ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसते, म्हणून ते गळ्यापाशी यंत्र धरून मोजतात. पण प्लुटोनियम, पोलोनियम, स्ट्रॉन्शियम-९० यांचे किरण मांस-चामडीतच अडकतात. माणूस आतून दूषित असतो आणि किरण टिपणारा गायगर काउंटर शेजारी धरला तरी तो गप्प राहतो. तेव्हा हाती एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे शरीर जे बाहेर टाकते ते.

हा साक्षीदार किती मोलाचा असतो ते लंडनमध्ये २००६ साली दिसले. रशियाचा माजी गुप्तहेर अलेक्झांडर लित्विनेन्को १ नोव्हेंबरला आजारी पडला. आधी अन्नातून झालेली बाधा, मग थॅलियम, असे संशय घेतले गेले. गायगरने काही सांगितले नाही. शेवटी लघवीचा नमुना अणुशस्त्रांचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेत गेला, तिथे गॅमा किरणांच्या आलेखात एक अगदी लहानसे टोक दिसले आणि विष पोलोनियम-२१० आहे हे ठरले. तो दिवस २३ नोव्हेंबरचा होता आणि त्याच रात्री रुग्ण दगावला. त्यानंतर तो जिथे जिथे गेला होता तिथल्या लोकांच्या, हॉटेलच्या नोकरांपासून रुग्णालयातल्या परिचारिकांपर्यंत सातशेहून अधिक जणांच्या लघवीची तपासणी करावी लागली. विषप्रयोग एकावर झाला होता आणि बाटल्या सातशेहून अधिक. हे प्रमाण कृपा करून लक्षात ठेवा.

आता माझ्या मनात बरीच वर्षे घर करून बसलेली एक रंगीत तालीम. शहराचे नाव सांगत नाही, रुग्णालयाचेही सांगत नाही. तिथली माणसे चांगली होती आणि आजही भेटली की चहा पाजतात. अणुआपत्तीचा सराव करायचा ठरला. कथानक असे, की किरणोत्सारी द्रव्य नेणारा ट्रक वळणरस्त्यावर उलटला, आग लागली, धूर गेला आणि ४० माणसे त्यात सापडली. नर्सिंगची ४० मुले-मुली अत्यंत उत्साहाने दूषित झाली. तंबू ठोकले होते, पाण्याचे फवारे होते, पांढरे पोशाख आणि मुखवटे होते. त्या पोशाखातल्या मंडळींना दहा मिनिटांत घेरी येऊ लागली आणि खरे रुग्ण तेवढेच झाले, पण तो भाग सोडून देतो. छायाचित्रकार आले, भाषणे झाली. मला निरीक्षक म्हणून बोलावले होते आणि माझी खुर्ची प्रयोगशाळेत होती, म्हणजे जिथे कोणीही छायाचित्रकार येण्याची शक्यता नव्हती अशा ठिकाणी.

साधारण बाराच्या सुमारास एका स्टीलच्या ट्रेमधून ४० बाटल्या आल्या. कोणी तरी आकडे मार्कर पेनने बाटल्यांच्या झाकणांवर लिहिले होते. प्रयोगशाळेत काम केलेला माणूस इथेच कपाळाला हात लावील, कारण झाकण हा बाटलीचा भाग नसून तिचा पाहुणा असतो. लघवी पुरेशी आहे का हे बघण्यासाठी एका होतकरू विद्यार्थ्याने दहा-बारा झाकणे एकदम उघडली, टेबलावर ओळीने मांडली आणि नंतर अंदाजाने लावून टाकली. मी ट्रे मोजला तेव्हा १७ क्रमांकाच्या दोन बाटल्या होत्या आणि २३ क्रमांकाची एकही नव्हती. काही बाटल्यांवर कागदी चिठ्ठ्याही डकवलेल्या होत्या, पण बाटल्या मध्ये तासभर फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. बाहेर काढल्यावर त्यांना आपल्या हवेत जसा घाम फुटायचा तसा फुटला आणि तीन चिठ्ठ्या ट्रेच्या तळाशी भिजून पडलेल्या मी स्वतः उचलल्या. शाई पसरली होती. एकीवर फक्त ‘कु.’ एवढेच वाचता येत होते.

मग तिथल्या टेक्निशियनने, जो त्या सगळ्या दिवसात मला भेटलेला सर्वांत समंजस माणूस होता, मला विचारले, ‘सर, यात बघायचे काय?’ सोबतच्या कागदावर ‘लघवी तपासणी’ एवढेच लिहिले होते. वरून विचारणा केली तर उत्तर आले, की तुमचे जे नेहमीचे असते ते करा. त्याने ते केले. दुपारी तीनपर्यंत अणुआपत्तीतल्या ४० रुग्णांचे टंकलिखित अहवाल तयार होते: रंग फिकट पिवळा, अल्ब्युमिन नाही, साखर नाही, पस सेल्स दोन ते तीन. ४० रुग्णांना किरणोत्सर्गाची बाधा झाली होती आणि प्रयोगशाळेच्या मते ते सर्व ठणठणीत होते. नाही, सर्व नव्हे. एका नमुन्यात साखर चांगली तीन प्लस निघाली. एका बिचाऱ्या विद्यार्थ्याला मधुमेह होता आणि तो त्याला ठाऊक नव्हता. तो नमुना १७ क्रमांकाचा होता. (हशा) हसू नका, १७ क्रमांक दोन होते. त्या दिवशी सापडलेला एकुलता एक खरा रोग कोणाचा, हेही आम्हाला सांगता आले नाही; दोघांनाही पुन्हा बोलवावे लागले.

सरावाच्या अहवालात ‘सराव यशस्वी’ असे शब्द होते. मी दोन पानांचे टिपण पाठवले. त्यात फक्त बाटली, झाकण, चिठ्ठी आणि वेळ एवढ्या चारच गोष्टी होत्या. उत्तर आले, ‘नोंद घेण्यात आली आहे.’ या उत्तरावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल, पण आयोजकांनी मला ५० मिनिटे दिली आहेत आणि मी त्यातली बरीच खर्च केली आहेत.

आता तुमच्यापैकी पहिल्या रांगेतले काही जण जो प्रश्न मनात धरून बसले आहेत त्याकडे येतो. विदर्भात अणुभट्टी नाही. तारापूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग नागपूरकरांनी ही चिंता का वाहावी? एक तर, या शहराला असे म्हणण्याचा अधिकार कमी आहे. नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय पातळीवरचे प्रशिक्षण १९५७ पासून याच शहरात, सिव्हिल लाइन्समध्ये, चालत आलेले आहे, आणि देशभरची माणसे आपत्तीत काय करायचे हे इथे येऊन शिकून गेली आहेत. दुसरे असे, की किरणोत्सारी द्रव्य फक्त भट्टीत नसते. कर्करोगाच्या उपचारात असते, थायरॉइडच्या औषधात असते, कारखान्यांत आणि वीजकेंद्रांत नळांचे वेल्डिंग तपासणाऱ्या पेटीत इरिडियम-१९२ असते. ही पेटी माणूस हाताने उचलून नेऊ शकतो. आणि देशातले दोन मोठे महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या गावात राहणाऱ्याने वाहतुकीतल्या वस्तूंशी आपला संबंध नाही असे म्हणू नये. तिसरी गोष्ट भंगाराची. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने यंत्र भंगारवाल्यांनी फोडले. आत कोबाल्ट-६० होते. एकाने त्यातला तुकडा पाकिटात ठेवला होता. एक माणूस मेला, इतर काही रुग्णालयात गेले. तिथे अणुभट्टी नव्हती, फक्त बाजार होता.

पण भंगाराची खरी कहाणी ब्राझीलमधल्या गोयानिया शहराची आहे, आणि ती मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण तिच्यात नागपूरशी एक असे नाते आहे जे मला कोणी सांगितले नाही, मीच शोधले आणि त्याचा मला अवाजवी अभिमान आहे.

सप्टेंबर १९८७. एक बंद पडलेला खाजगी दवाखाना, त्यात कर्करोगाच्या उपचाराचे सोडून दिलेले यंत्र. १३ तारखेला दोघांनी त्याचा डोके-भाग काढून घरी नेला आणि पुढे भंगारवाल्याला विकला. आत सीझियम-१३७ चे क्लोराइड होते, म्हणजे मिठासारखी पूड. रात्री ती निळी चमकायची. भंगारवाल्याला ती इतकी सुंदर वाटली की त्याने नातेवाईकांना आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवली, चिमूटचिमूट वाटली. कोणी ती अंगाला चोळली. एका सहा वर्षांच्या मुलीने त्याच हाताने खाल्ले. लोक आजारी पडू लागले, आणि पंधरा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, भंगारवाल्याच्या बायकोला वाटले की या सगळ्याच्या मुळाशी ही वस्तू असावी. डॉक्टरांना तोवर जे सुचले नव्हते ते त्या बाईंना सुचले. त्यांनी उरलेला भाग पिशवीत घातला, बसमध्ये बसल्या आणि आरोग्य खात्याच्या कचेरीत नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाला पाचारण केले गेले. त्याच्याकडे यंत्र नव्हते. गोयानियात किरण मोजण्याचे यंत्र कोणाकडे होते? युरेनियमचा शोध घेणाऱ्या भूवैज्ञानिकांच्या कचेरीत. त्याने ते उसने घेतले, वाटेतच चालू केले, आणि काटा एकदम शेवटाला जाऊन टेकला, कोणत्याही दिशेला धरले तरी तिथेच. त्याला वाटले यंत्र बिघडले आहे. तो परत गेला आणि दुसरे यंत्र घेऊन आला. दुसऱ्याचाही काटा तिथेच टेकला, तेव्हा त्याला कळले की यंत्र ठीक आहे.

आता नागपूरचे नाते. अणुऊर्जा विभागाचे जे संचालनालय देशात युरेनियमसारख्या खनिजांचा शोध घेते, त्याची मध्य विभागाची कचेरी कुठे आहे? आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये. म्हणजे गोयानियातल्या माणसाला जे यंत्र योगायोगाने सापडले, तसे काम करणारी माणसे या शहरात राहतात, आपल्याबरोबर सीताबर्डीवर भाजी घेतात. आपल्या रुग्णालयांतल्या किती प्रयोगशाळांमध्ये त्या कचेरीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेला आहे? हा प्रश्न मी हात वर करण्यासाठी विचारलेला नाही, कारण कोणाचा हात वर होणार नाही याची मला खात्री आहे.

गोयानियात पुढे काय झाले ते पाहा. शहराच्या ऑलिंपिक स्टेडियमवर रांगा लागल्या आणि सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी झाली. दूषण सापडले २४९ जणांवर, आणि त्यातल्या १२९ जणांच्या शरीराच्या आतही ते गेले होते. चौघे मेले, त्यांत ती मुलगी होती. ज्यांच्या शरीरात सीझियम होते त्यांच्या लघवी-शौचाचे नमुने शेकडो किलोमीटर दूर, रिओ दि जानेरोला पाठवले जात होते, दिवसामागून दिवस, हजारोंनी. मोजायचे होते ते पहिल्यांदा किती गेले एवढेच नव्हे, तर औषध लागू पडते आहे का हेही. औषध होते प्रशियन ब्लू. चित्रकलेच्या तासाला आपण जो निळा रंग वापरायचो त्याचाच शुद्ध, औषधी अवतार. तो आतड्यात सीझियमला धरून ठेवतो. एरवी मोठ्या माणसाच्या शरीरातले सीझियम निम्मे व्हायला सुमारे ११० दिवस लागतात. या औषधाने तो काळ सुमारे ३० दिवसांवर येतो. ते ४६ जणांना दिले गेले. कोणाला द्यायचे, किती द्यायचे आणि कधी थांबवायचे हे ठरवणारा कागद प्रयोगशाळेतून येत होता. आणि त्या कागदाची किंमत बाटलीवरच्या चिठ्ठीइतकीच होती.

आता माझा मुख्य मुद्दा, जो मी सुरुवातीला मांडायला हवा होता. बाटलीवर नाव हवे हे कोणालाही पटते. वेळ हवी हे पटत नाही. आपल्या पॅथॉलॉजीच्या अर्जावर दिनांक असतो, वेळ बहुधा रिकामी राहते, आणि साखर-अल्ब्युमिन पाहायचे तर तिच्यावाचून फारसे अडत नाही. पण आत गेलेले द्रव्य शरीर एकाच वेगाने बाहेर टाकत नाही. आयोडीनचेच घ्या: जे थायरॉइडने पकडले नाही ते पहिल्या एक-दोन दिवसांतच लघवीवाटे मोठ्या प्रमाणात निघून जाते आणि मग ओघ एकदम आटतो. म्हणजे एखाद्या नमुन्यात १०० बेकेरल सापडले (बेकेरल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे), तर पहिल्या दिवशीच्या १०० चा अर्थ एक आणि सहाव्या दिवशीच्या १०० चा अर्थ दुसराच. सहाव्या दिवशी एवढे निघत असेल तर आत गेलेले कितीतरी अधिक होते. घटना केव्हा घडली आणि बाटली केव्हा भरली, या दोन वेळा माहीत नसतील तर जगातले सर्वांत महागडे यंत्र तुम्हाला एक अचूक आकडा देईल आणि त्या आकड्याचे काय करायचे हे कोणालाही सांगता येणार नाही.

शून्याचाही एक घोळ आहे. मुंबईत एका प्रशिक्षणात मला पोलादी भिंतींच्या खोलीत यंत्रापुढे बसवले होते. बाहेर नेहमीच असणारे नैसर्गिक किरण आत येऊ नयेत म्हणून भिंती जाड. बाहेर आलो तेव्हा पडद्यावर एक टोक स्पष्ट उभे होते आणि मी थोडा घाबरलो. ते पोटॅशियम-४० होते; ते प्रत्येकाच्या शरीरात असते आणि त्यापायी आपण सगळे सुमारे चार हजार बेकेरलचे धनी आहोत. आपल्या संत्र्याच्या शंभर ग्रॅम गरातसुद्धा पाच-सहा बेकेरल असतात, म्हणून कोणी संत्री खाणे सोडू नये. पण ज्या प्रयोगशाळेने शांततेच्या काळात कधी साध्या, निरोगी माणसांचे नमुने मोजलेले नाहीत, तिला आपत्तीच्या दिवशी पहिल्याच नमुन्यात दिसलेले टोक आपत्तीचे की संत्र्याचे हे कळणार नाही.

(या वेळी व्यासपीठावरून वक्त्यांकडे एक चिठ्ठी देण्यात आली.)

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे, ‘पाच मिनिटे’. तिच्यावर वेळ लिहिलेली नाही, त्यामुळे पाच मिनिटे कधीपासून मोजायची हे मला प्रामाणिकपणे ठरवता येत नाही. तरीही मी तयारीचा जो आराखडा मांडण्याचे पत्रिकेत वचन दिले आहे तो आता भरभर सांगतो.

आधी हिशेब. एक यंत्र आणि दर माणसामागे बसणे-उठणे धरून १० मिनिटे, असे रात्रंदिवस चालवले तरी दिवसाला १४४ माणसे होतात. १०,००० माणसांना सुमारे ७० दिवस लागतील, आणि आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे व्हायचा काळ, ८ दिवसांचे असल्यामुळे रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या गळ्यात तोवर मूळच्या चारशेव्या हिश्श्याहूनही कमी उरलेले असेल. जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातानंतर, मार्च २०११ च्या अखेरीस, अधिकाऱ्यांनी १,०८० मुलांचे गळे तपासले. त्यानंतर मोजणाऱ्याच्या हातून आयोडीन निसटत गेले आणि पुढची सगळी चर्चा अंदाजांवर चालली. आणखी बारीक मोजायचे तर वेळ वाढतो: दुप्पट बारीक पाहायला साधारण चौपट वेळ. हे फक्त आपल्याकडे नाही; अमेरिकेत २००७ साली प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीसमोर असे मांडले गेले, की एक लाख लोकांचे नमुने तपासायला तेव्हाच्या क्षमतेने चार वर्षांहून अधिक काळ लागेल आणि सर्वाधिक धोक्याच्या १३ द्रव्यांपैकी फक्त सहांसाठीच माणसांच्या नमुन्यांवरची पद्धत तयार आहे. म्हणून सगळ्यांना मोजू असे म्हणणारी योजना ही योजनाच नव्हे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, धुरात शिरलेले अग्निशामक आणि चालक यांची रांग आधी, हा क्रम आज, थंड डोक्याने, लिहून ठेवावा लागेल. त्या दिवशी तो नगरसेवकांच्या फोनवर ठरेल.

दुसरे, जे आज रामदासपेठेतल्या कोणत्याही पॅथॉलॉजीत होते ते. किरणांचा मोठा मारा झाला असेल तर रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी पहिल्या दोन दिवसांतच घसरतात. म्हणून पहिला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लगेच आणि मग दर सहा-आठ तासांनी. त्या घसरणीवरून डॉक्टरला माणसाला किरणांचा किती मारा बसला आहे याचा पहिला अंदाज येतो. यासाठी जांभळ्या झाकणाची नेहमीची नळी. त्याच वेळी हिरव्या झाकणाच्या, म्हणजे हेपॅरिनच्या, नळीत आणखी थोडे रक्त घेऊन ठेवायचे आणि ते गोठवायचे नाही, कारण त्यातल्या पेशी ४८ तास वाढवून गुणसूत्रांची मोडतोड मोजता येते. ती मोजणारी प्रयोगशाळा दूर असेल, पण हिरवी नळी आपल्याकडे आहे. तिथेही पहिला प्रश्न तोच: रक्त केव्हा घेतले?

तिसरे, यंत्रे विकत घेण्याच्या आधी उसनी कुठून येतील हे लिहून घेणे. रुग्णालयांतल्या न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार करणाऱ्या, विभागांत थायरॉइड मोजण्याची यंत्रे आणि गॅमा कॅमेरे असतात. त्यांच्यावर गळा आणि छाती ढोबळपणे मोजता येते, पण त्यासाठी आधी त्यांचे प्रमाणीकरण करून ठेवावे लागते. द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवायचे जर्मेनियमचे डिटेक्टर, म्हणजे गॅमा किरण बारकाईने ओळखणारी यंत्रे, कोणत्या महाविद्यालयात किंवा संशोधन संस्थेत आहेत, आणि त्या नायट्रोजनची टाकी रविवारी कोण भरते, हेही विचारून ठेवायचे. प्लुटोनियम, स्ट्रॉन्शियमसाठी जे रासायनिक विलगीकरण लागते ते दिवसांचे काम आहे आणि ते मुंबईलाच जाईल. समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर. बाटली कोण नेणार, गाडी कोणाची, सोबतचा कागद कोणता, एवढे ठरले की झाले.

चौथे, प्रयोगशाळेतल्या माणसांची भीती. दूषित माणसाची लघवी हाताळणाऱ्याला हातमोजे आणि नेहमीची काळजी बहुतेक वेळा पुरते, पण हे त्यांना आज सांगितले पाहिजे, नाहीतर त्या दिवशी बाटल्या दारातच थांबतील. खरा धोका बाटलीकडून माणसाला नसून माणसाकडून बाटलीला आहे: रुग्णाने कपडे न बदलता, हात न धुता नमुना दिला तर सदऱ्यावरची धूळ बाटलीत पडते आणि जे बाहेर होते ते आत आहे असे अहवाल सांगतो. आधी अंघोळ, मग बाटली. शिवाय अर्जावर एक प्रश्न हवा, अलीकडे थायरॉइडसाठी किंवा हृदयाच्या तपासणीसाठी किरणोत्सारी औषध घेतले होते का. नाहीतर एखाद्या निष्पाप रुग्णाला आपण तीन दिवस अलग खोलीत बसवून ठेवू.

पाचवे आणि शेवटचे, वर्षातून एकदा कोणाला न सांगता वीस बाटल्या पाठवायच्या, त्यातल्या दोनांची चिठ्ठी चुकीची ठेवायची, आणि प्रयोगशाळेने त्या परत पाठवल्या का एवढेच पाहायचे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून उपलब्ध आहेत. ती वाचलेली माणसे मला भेटतात, वीस बाटल्या पाठवणारे अजून भेटलेले नाहीत.

घंटा झाली. टेबलावर मी एक पेटी आणून ठेवली आहे. तिच्यात रुंद तोंडाच्या २० बाटल्या, भिजल्या तरी न सुटणाऱ्या चिठ्ठ्या, ओल्यावर लिहिणारे पेन, दोन्ही रंगांच्या नळ्या आणि एका पानाचा अर्ज आहे. त्यावर वेळेचे दोन रकाने आहेत आणि मी ते मुद्दाम नावापेक्षा मोठे छापून घेतले आहेत. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी जाताना ती उघडून पाहावी आणि अर्जाची प्रत न्यावी. पेन मात्र तिथेच राहू द्यावे; मागच्या व्याख्यानानंतर ते गेले, आणि दुसरे मिळवायला मला बर्डीवर तीन दुकाने फिरावी लागली.